गप्पचं बटण

४ फेब्रुवारी, मंगळवार

तबकडी अडकली! धड बाहेर येईना, धड वाजेना. गाडीतल्या टेपच्या पोटात नुसती घरघर — दमेकरी म्हाताऱ्यासारखी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दोन बोटांनी तिचा काठ धरायला गेलो, तर मागच्यानं असा हॉर्न दिला की बोटं टेपात आणि जीव घशात.

ही शेजारीच बसलेली. बोलली काही नाही. बोलणार कुठून? गेल्या वर्षी डोक्यात रक्ताची गुठळी झाली तेव्हापासून उजवा हात लुळा; समजतं सगळं, माणसं ओळखते, माझ्यावर डोळेही वटारते — पण शब्द ओठांपाशी येतो आणि माघारी जातो. दार उघडं असून पाहुण्यानं उंबऱ्यावरूनच परत फिरावं तसा.

उच्चारबाईंकडे पोचेपर्यंत (बारसं मी केलेलं. हिला पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई. मंगळवार-गुरुवार त्यांच्याकडे असतो) मी स्वतःच गाऊन पाहिलं. ‘नदीकाठी वाकला वेळू, वारा म्हणे —’ आणि थांबलो, वाट बघत. हिनं माझ्याकडे इतक्या करुणेनं पाहिलं! माझा सूर म्हणजे गंजलेली बिजागरी. तिच्यावर कोण काय म्हणणार?

बाईंकडेही आज एक शब्द नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हा खेळ सुरू कसा झाला ते एकदा नीट लिहायला हवं. अलीकडे मला गोष्टी स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात, कडा पुसट होतात.

त्या तबकडीवर शाळेतल्या कविता आहेत, चाली लावून गायलेल्या. निवृत्त झालो तेव्हा लेकीनं दिली. हिनं तेव्हा नाक मुरडलं होतं — “ह्यांच्या डोक्यावरचे केस गेले, पण चौथीचं पुस्तक काही गेलं नाही.” खरंच आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर नळांचे नकाशे काढले, पण मन त्या पुस्तकातच. नव्या पानांना खळीचा वास. धडा पान भरून ठासलेला, आणि कविता मात्र मधोमध, चहूबाजूंनी मोकळी पांढरी जागा. ती चैन फक्त कवितेला!

हिवाळा सुरू झाला होता. उच्चारबाईंकडून परत येत होतो. त्या चित्रं दाखवतात — कप, कुलूप, छत्री — आणि ही खाली मान घालून पदराशी चाळा करते. त्या दिवशीही तेच. गाडीत वेळूची कविता लागलेली. मागून रुग्णवाहिकेचा आवाज आल्यासारखा वाटला म्हणून मी स्टिअरिंगवरचं बटण अंगठ्यानं दाबलं. आवाज बंद करायचं. मी त्याला गप्पचं बटण म्हणतो. ‘नदीकाठी वाकला वेळू, वारा म्हणे —’ आणि टेप गप्प. आणि त्या गप्प जागेत, शेजारून —

“हळू हळू.”

मी खरंच गाडी हळू केली! मला वाटलं मलाच सांगतेय. जन्मभर गाडीत हिचा एकच मंत्र — अहो, हळू. मग डोक्यात उजेड पडला. ती ओळ पुरी करत होती! गुठळीनं सगळी कपाटं उपसली, पण चालीत बांधलेली गाठोडी मागे राहिली म्हणायची.

तेव्हापासून दर खेपेला. गाळलेल्या जागा भरा! ‘दमला सूर्य डोंगरामागे, एक पाखरू अजून —’ अंगठा. “जागे.” ‘होडी माझी कागदी, तिला हवी —’ अंगठा. “बादली.” मी इतका हसलो की गाडी कडेला घ्यावी लागली. तीही हसली. नदी पुढच्या खेपेला आली.

अंगठा पक्का बसलाय आता. रस्त्यावरची नजर हलवायला नको. वेळ मात्र नेमकी साधावी लागते. बटण दाबलं तरी तबकडी आत फिरतच असते — आवाज तेवढा जातो, गाणं पुढं पळतं. एका शब्दापुरती फट. तेवढ्यात आला तर आला. उशीर झाला की तबकडीतल्या गाणाऱ्या बाई पुढच्या ओळीवर गेलेल्या असतात, आणि हिचा शब्द तोंडात तसाच.

कुणाला सांगितलेलं नाही. सांगू का म्हणून विचारलं तर हिनं डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. उच्चारबाईंसमोर तर ओळ सुरू केली तरी ओठ मिटून घेते. मला कारण कळतं. ही टेलिफोनवर होती. कचेरीचे सगळे फोन तीच जोडायची. “थांबा, जोडते” — दोनच शब्द, पण ते ऐकण्यासाठी मी नको तिथले फोन लावायचो. नकाशे काढणाऱ्याला अग्निशमन दलाशी काय बोलायचं असतं? असा आवाज ज्या बाईचा, ती लोकांसमोर ‘बादली’ म्हणून दाखवील होय!

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुक्यानं गेलो, मुक्यानं आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

लेक सकाळीच आली. गाडी धुवून आणते म्हणून किल्ली घेऊन गेली ती दुपारच्या जेवणाला उगवली. “बाबा, डोळे मिटा.” मिटले. हात धरून गाडीपाशी नेलं. “आता उघडा.”

जुना टेप गेलेला! त्याच्या जागी काचेची मोठी पाटी. चकचकीत, बोट लावलं की उजळते. तबकडीला तोंडच नाही तिला. अडकलेली तबकडी दुकानदारानं सोडवली, आणि लेकीनं तिच्यातल्या सगळ्या कविता नखाएवढ्या काडीत भरून आणल्या. ती काडी टोचायची की झालं.

केवढ्या हौसेनं दाखवत होती. मला तिची शाळेतली वही आठवली, चांदणी मिळाली की अशीच नाकासमोर धरायची. मी बसलो आत. कविता लागली. आवाज तर विहिरीतून काढून धुवून वाळवल्यासारखा स्वच्छ! अंगठा आपोआप गेला.

काहीच नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. आवाज कमी-जास्तची दोन्हीही मुकी.

“बटणं?” मी म्हणालो.

“ती नाही चालणार आता. दुकानदार म्हणाला, कुणी वापरतच नाही. सगळं इथंच आहे की, पडद्यावर.”

मी वाहवा करायला हवी होती. तोंडातून ‘बटणं’ एवढाच शब्द निघाला, तोही दोनदा. तिचा चेहरा उतरला. ही खिडकीतून बघत होती. तिला सगळं कळलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षर बघा कसं आलंय.

पडद्यावर गप्पचं चित्र आहे. कोपऱ्यात, मटारएवढं. अंगठ्याला काचेवर वाट सापडत नाही — सगळीकडे सारखीच गुळगुळीत. बघावंच लागतं. वेळूची कविता आली, मी खाली पाहिलं, बोट नेलं, ते भलत्याच चित्रावर पडलं, पडद्यावर नकाशा आला, मी तो घालवायला लागलो —

ही ओरडली. शब्द नाही. नुसतं ओरडणं.

समोर सायकलवाला. ब्रेक दाबला. माझ्या बंपरमध्ये आणि त्याच्या मागच्या चाकात एका वितीचं अंतर राहिलं असेल. तो उतरला, खिडकीपाशी आला. मला वाटलं आता शिव्या. माझे पांढरे केस बघून म्हणाला, “आजोबा, टीव्ही घरी बघावा.” आणि गेला. शिव्या परवडल्या असत्या.

ही परतीच्या वाटेवर डोळे मिटून बसली. मी कविता लावली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. सायकलवाल्याचं मी सांगितलं नाही, नुसतं विचारलं, जुना टेप परत बसवता येईल का. मग तिनं सुनावलं. दुकानदाराच्या कचऱ्यात गेलाय तो, आणि रविवारभर मी नाराज चेहरा करून बसलो ते काय तिला दिसलं नाही? मी म्हणालो, टेप छान आहे, फक्त बटणं —

“बाबा, आईला बोलता येत नाहीये, आणि तुम्ही बटणं कसली धरून बसलाय?”

मी हिच्याकडे पाहिलं. ही समोरच होती, भाजी निवडत, एका हातानं. हिला फोनमधलं ऐकू गेलं होतं. मी भुवया उडवल्या — सांगू? तिनं मान हलवली. नाही. लेकीशी बोलेल तर धड बोलेल, नाहीतर नाही.

मग मी म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून दिलं. हट्टी तर हट्टी. गाढवाला गुळाची चव काय, असं ती मनात म्हणाली असणार. गूळ होता हे मात्र खरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कविता लावली, खेळ नाही. हिनं एकदा माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग बाहेर.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीनं नवा टेप बसवून घेतला त्या काचेच्या दारांच्या दुकानात गेलो. पोरगा सौजन्यानं बोलला. बटणं वापरणारे लोक आता राहिले नाहीत म्हणे. मी म्हणालो, एक राहिलाय, तुझ्यासमोर उभा आहे. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग टायरवाल्यानं एक पत्ता दिला. रस्त्याच्या टोकाला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा आहे. पाटीवर काय नाव आहे कोण जाणे, सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणतात. का, ते पाच मिनिटांत कळलं. गडी बंदच होत नाही! मी ‘बटणं’ म्हणायच्या आत त्यानं मला त्याच्या मेव्हण्याची गाडी, गुडघेदुखीवरचा लेप, गल्लीतल्या मांजराची बाळंतपणं सगळं ऐकवलं. स्वतःच्या हुशारीचंही. वायरला हात लावला की ती त्याच्याशी बोलते, असं त्याचं म्हणणं. लावला हात आणि आमच्या गाडीचा फ्यूज उडवला. “बघा, बोलली,” म्हणाला.

पण काम होतंय! बटणं मेलेली नाहीत. चाकातून त्यांची वायर निघते, ती पाटीमागे तशीच लोंबतेय, तोंड बांधून. अडचण अशी की गाडी एक भाषा बोलते आणि नव्या टेपला कळते दुसरी. मध्ये एक काडेपेटीएवढी डबी लागते, दुभाषी. ती इकडचं तिकडे सांगते. मागवायला लागेल, आठवडाभरात येईल.

दुभाषी! हा शब्द मी सहावीनंतर ऐकलेला नाही. आनंदानं घरी आलो. हिला सांगितलं. तिनं माझ्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं, डाव्या हातानं. थट्टा कळली. शब्दांशिवायही टोमणा मारता येतो तिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उच्चारबाई आज मला बाजूला घेऊन बोलल्या. वाईट वाटू देऊ नका म्हणाल्या, म्हणजे वाईटच होतं. मध्यंतरी त्यांना हिच्या ओठांत जराशी हालचाल वाटत होती, आता तीही नाही. शब्द पायवाटेसारखे असतात, म्हणाल्या, चालणारं कुणी राहिलं नाही की गवत माजतं. आणखी थोडे दिवस बघू, मग चित्रांची पाटी देऊ. भूक लागली की जेवणाच्या ताटाचं चित्र दाखवायचं, झोप आली की पलंगाचं.

चित्रांची पाटी! ‘थांबा, जोडते’ म्हणणारीला?

मी त्यांना बटणाचं सांगणारच होतो. पण दारात ही उभी होती, पर्स घेऊन, ताठ. नाही सांगितलं.

घरी आल्यावर हिला रेडिओचा फोन नंबर लावायला दिला. आकडे तिला बरोबर लावता येतात. त्याला म्हणालो, डबी कुठवर आली? त्यानं डबीचा प्रवास गावागणिक सांगितला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डबी आली! उच्चारबाईंकडचं आटोपून थेट तिकडे. हिला रेडिओनं पंख्याखाली खुर्ची दिली आणि तिच्याशीही गप्पा सुरू. ती उत्तर देत नाही हे त्याच्या बराच वेळ लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा म्हणाला, “मावशी, तुम्हीच पहिल्या. माझं पूर्ण ऐकून घेतलंत.” ही हसली! किती दिवसांनी.

पाटी काढली, मागे वायरींचं जंजाळ. डबी जोडली. मग तो म्हणाला, आता बटणांना शिकवायचं. म्हणजे असं — पडद्यावर कामांची चित्रं येतात. हवं त्या चित्रावर बोट ठेवायचं आणि चाकावरचं बटण दाबून धरायचं. टेप टुक् करतो. शिकला! आवाज वाढव — टुक्. कमी कर — टुक्. हजेरी घेतल्यासारखं. माझी मान बाकावरच्या पोरासारखी डोलत होती.

मग माझं बटण. त्याच्यावरचं चित्र माझ्या अंगठ्यानं कधीच झिजून गेलंय, नुसता काळा गोटा. त्यानं विचारलं, काका, हे काय करायचं?

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी. ही पंख्याखाली, ऐकू येणार नाही एवढ्या लांब. म्हणालो, हे दाबलं की गाणं थांबतं, मग ती राहिलेला शब्द म्हणते, तो आला की पुन्हा दाबायचं. रेडिओ गप्प झाला. खरंच गप्प, पंख्याची कुरकुर ऐकू आली. मग दोन चित्रांवर बोट फिरवत म्हणाला, “मग हे का हे?”

एक होतं कर्ण्याचं, त्यावर फुली. दुसरं — दोन उभ्या रेघा. ॥

कडव्याअखेरचा दंड! जुन्या पुस्तकात प्रत्येक कडवं तिथं येऊन थांबायचं, आम्ही तिथं श्वास घ्यायचो, गुरुजी तिथं छडी टेबलावर ठेवायचे. इतक्या वर्षांनी, काचेच्या पाटीवर! मला दुसरं काही दिसलंच नाही. “हेच,” म्हणालो. टुक्.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चुकलं! साफ चुकलं!

सकाळी मुद्दाम तळ्याच्या बाजूला चक्कर काढली. आवाज कमी-जास्त झकास. अंगठ्याला त्याची जागा सापडली, पायाला चप्पल सापडावी तशी. कवितांचा क्रम काडीत उलटापालटा झालाय, होडी आधी आली, मी सज्ज. ‘होडी माझी कागदी, तिला हवी —’ दाबलं.

गाणं गप्प झालं नाही. थांबलं. जागच्या जागी. पुन्हा दाबलं तर “नदी” त्या बाईच म्हणाल्या! मी गाळलेला शब्द त्यांनीच भरला. म्हणजे पूर्वी गाणं आत चालत राहायचं, हिचा शब्द त्यांच्या शब्दावर नेमका बसायचा आणि दोघी हातात हात घालून पुढं जायच्या. आता ठेका तुटतो, मधोमध खड्डा पडतो. ही गोंधळली. दोनदा केलं, दोनदा ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

दोन रेघांचा अर्थ ‘थांबा’. फुलीवाला कर्णा म्हणजे ‘गप्प’. आणि मीच त्याला सांगितलं होतं — गाणं थांबतं! जन्मभर यमकं घोकली आणि थांबणं नि गप्प होणं यांतला फरक सांगता आला नाही. वर तो दंड बघून भाळलो. उच्चारबाईंनी ‘थोडे दिवस’ म्हटलंय आणि इथं हा पंडित कडव्याचा श्वास घेतोय!

२२ फेब्रुवारी, शनिवार

रेडिओच्या दुकानाला कुलूप. शेजारचा म्हणाला, बहिणीकडे गेलाय, पुढच्या आठवड्यात येईल. फोन केला तर लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा बंद असेल.

मी स्वतः करून बघणार होतो. पडद्यावर शिकवायचं पान उघडलं. ही शेजारी. तिनं माझा हात धरला आणि बाजूला केला. उडालेल्या फ्यूजची आठवण झाली असावी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला हवं. सावकाश, क्रमानं.

उच्चारबाईंकडे जाताना मी नुसती गाणी लावली, बटणाला हात लावला नाही. चुकीचं बटण, उगाच हिचं मन मोडायला नको. होडी आली. ‘होडी माझी कागदी —’ आणि हिनं डाव्या हाताची बोटं माझ्या कोपरावर टेकवली. दाब, असं.

‘तिला हवी —’ दाबलं, आणि थांबलं.

मी सवयीनं लगेच पुन्हा दाबणार होतो. तिची बोटं कोपरावर तशीच. थांबलो. सिग्नल लागला. सुटला. गाडी चालली. गाणं उभंच. वळण गेलं, शाळा गेली, तिच्या फाटकातून पोरं बाहेर पडत होती. हिचे ओठ हलत होते. एकदा ‘न’ झाला, परत गेला. कुणीच पुढं पळत नव्हतं, बघा! पूर्वी त्या बाई पुढच्या ओळीवर जायच्या आणि ही मागे राहायची — आता त्या आपल्या उभ्या, एक पाय उचलून, हिची वाट बघत.

पेट्रोल पंपाच्या पुढं आला शब्द. “नदी.” स्वच्छ. काठोकाठ.

मग दाबलं. बाई म्हणाल्या, “नदी.” जशा काही हिच्या मागून म्हणाल्या.

किती शब्द हिच्या ओठांपाशी यायचे आणि मी एवढीशी फट ठेवून म्हणायचो, आला तर आला! हिला फट नको होती. अंगण हवं होतं.

परत येताना तीन शब्द आले. एक अर्धा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आता मी लांबच्या रस्त्यानं जातो, आणि बैलगाडीच्या चालीनं. एकेका शब्दाला चौक-दोन चौक लागतात, घाई करून कसं चालेल? मागचे हॉर्न देतात, खिडकीतून हातवारे करतात. एका रिक्षावाल्यानं विचारलं, ढकलू का? बिचारे. त्यांना काय ठाऊक गाडीत काय चाललंय.

‘निळ्या पाटीवर पांढरा ढग, कुणी पुसला? जरा —’ “बघ.” हा तर लगेच आला!

२ मार्च, रविवार

लेक आली होती. जरा धुसफुशीतच. म्हणाली, चला, आईला तळ्यावर नेऊ. मागच्या सीटवर बसली. मी कविता लावली, अंगठा आवरून धरला. लोकांसमोर नाही, हा आमचा नियम.

‘दमला सूर्य डोंगरामागे —’ आणि कोपरावर बोटं!

मी हिच्याकडे पाहिलं. ही सरळ रस्त्याकडे बघत होती, परीक्षेला बसल्यासारखी. ‘एक पाखरू अजून —’ दाबलं.

मागून लेक म्हणाली, “बंद पडलं का, बाबा?” मी हात वर केला. थांब. ती थांबली. तिनं काही विचारलं नाही, ह्याबद्दल मी तिचं कौतुक करतो. तळं दिसायला लागलं. बदकं, बाक, फुगेवाला.

“जागे,” ही म्हणाली.

आरशात पाहिलं तर लेक दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरून बसली होती. बऱ्याच वेळानं तिचं कपाळ आईच्या खांद्याला टेकलं. तळ्यावर उतरल्यावर मला म्हणाली, “बटणं म्हणजे हे होतं?” मी मान हलवली. सांगायचं होतं की हो मला, म्हणाली. मी म्हणालो, हिची परवानगी नव्हती. मग तिघंही हसलो आणि फुगेवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं.

जाताना लेक म्हणाली, ओळीतले शब्द येतायत, मग आपले शब्दही येतील ना? मी म्हणालो, येतील. पण मला ठाऊक नाही. उच्चारबाईंना आज सगळं सांगितलं फोनवर, हिला विचारून. त्या खूश झाल्या, मग जपून म्हणाल्या — पाठ असलेलं परत येणं वेगळं आणि मनातलं बोलणं वेगळं. कधीकधी पहिल्यावरच थांबतं. तेवढ्यातही समाधान माना.

मानतो. कवितेवर समाधान मानायला मला कुणी शिकवायला नको. पण खोटं कशाला लिहू? मला तिची कविता नकोय. कविता मला येतात. मला ती बोललेली हवी आहे.

३ मार्च, सोमवार

रेडिओचा फोन, बहिणीच्या गावच्या सगळ्या बातम्यांसकट. शेवटी म्हणाला, काका, शेजाऱ्यानं सांगितलं तुम्ही येऊन गेलात, ते चित्र चुकलं का? आणा गाडी, दोन मिनिटांत फुलीवालं शिकवतो.

म्हणालो, राहू दे. टेप शिकलाय ते बरोबर शिकलाय.

४ मार्च, मंगळवार

वेळूची कविता. ‘वारा म्हणे —’ दाबलं. दोन रेघा उजळल्या.

मागे हॉर्नांची रांग. मी आपला बैलगाडीच्या चालीत. चौक गेला. दुसरा गेला. हिचं लक्ष पडद्याकडे नव्हतं. ती काट्याकडे बघत होती, वेगाच्या.

मग माझ्याकडे वळली, आणि एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा —

“किती... हळू... चालवता हो!”

गाणं पुढं सुरू करायचं राहूनच गेलं.